जपानचा औद्योगिक उदय आणि विदर्भाचा कापूस

जपानचा औद्योगिक उदय आणि विदर्भाचा कापूस यांचा संबंध इ.स. १८८० च्या दशकापासून १९४१ पर्यंत टिकला. या सहा दशकांत जपान हे शेतीप्रधान सरंजामी राष्ट्र राहिले नाही, तर आशियातील पहिली औद्योगिक महासत्ता बनले आणि पुढे मांचुरिया, चीन व पॅसिफिक महासागर अशा क्रमाने युद्धात उतरले. जपानच्या पहिल्या मोठ्या यंत्रोद्योगाचा, म्हणजे सूत गिरण्यांचा, कच्चा माल जवळजवळ संपूर्णपणे आयात होत असे. त्या आयातीत भारतीय कापसाचा आणि त्यातही वऱ्हाड-नागपूर भागातील आखूड धाग्याच्या कापसाचा वाटा मोठा होता. त्यामुळे जपानच्या धोरणातील प्रत्येक मोठ्या वळणाचा परिणाम अमरावती, अकोला, खामगाव, हिंगणघाट व नागपूर येथील कापसाच्या भावावर होत गेला. त्याच काळात नागपूर व मुंबई येथील गिरण्या जपानी कापडाशी स्पर्धा करत होत्या. एकाच प्रांतातील शेतकऱ्याला जपान हा गिऱ्हाईक म्हणून हवा होता आणि गिरणीमालकाला तो प्रतिस्पर्धी म्हणून नको होता. हा पेच १९३३ साली सर्वांत तीव्र झाला.

पार्श्वभूमी

अमेरिकन नौदलाचे अधिकारी मॅथ्यू पेरी १८५३ मध्ये युद्धनौका घेऊन एदोच्या उपसागरात आले आणि जपानला आपली बंदरे उघडावी लागली. त्यानंतर पाश्चात्त्य राष्ट्रांशी झालेल्या तहांमुळे जपानला आयात कर स्वतःच्या मर्जीने ठरवण्याचा अधिकार उरला नाही. १८६८ मध्ये शोगुनची सत्ता संपुष्टात येऊन सम्राट मेइजी यांच्या नावाने नवे शासन सुरू झाले. या शासनाने सरंजामी जहागिऱ्या रद्द केल्या, सक्तीची लष्करभरती व सार्वत्रिक प्राथमिक शिक्षण सुरू केले, जमीन महसूल रोखीत घेण्यास प्रारंभ केला आणि १८८९ मध्ये राज्यघटना जाहीर केली. या घटनेनुसार लष्कर व नौदल थेट सम्राटाच्या अधिकाराखाली होते. मंत्रिमंडळाला सैन्यावर नियंत्रण ठेवता येत नव्हते आणि पुढील काळात याच तरतुदीमुळे नागरी सरकारे हतबल ठरली.

परकीय सुताची आयात ही नव्या शासनापुढील मोठी अडचण होती. आयात कर वाढवता येत नसल्यामुळे देशी उद्योगाला स्वस्त उत्पादनावरच उभे राहणे भाग होते. उद्योगपती शिबुसावा एइची यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ओसाका येथील सूत गिरणी १८८३ मध्ये सुरू झाली. वाफेवर चालणारी ही गिरणी १०,५०० चात्यांची होती आणि लवकरच तेथे दिवसपाळीबरोबर रात्रपाळीही सुरू झाली. गिरणी रात्रंदिवस चालल्यामुळे महागड्या आयात यंत्रांवरील भांडवली खर्च दुप्पट उत्पादनावर विभागला गेला. कामगारांमध्ये खेड्यांतून करारावर आणलेल्या, गिरणीच्याच वसतिगृहात राहणाऱ्या मुलींची संख्या मोठी होती. स्त्रियांची रात्रपाळी जपानमध्ये १९२९ पर्यंत कायदेशीर राहिली.

नागपूर आणि एम्प्रेस मिल

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडातील कापसाला अचानक मोठी मागणी आली. १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या वऱ्हाडात कापसाखालील क्षेत्र झपाट्याने वाढले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि मुंबई बंदराशी या प्रदेशाचा थेट संबंध जोडला गेला. मुंबईच्या बाजारात या भागातील कापूस ‘उमरा’ या नावाने ओळखला जाई. हे नाव उमरावती म्हणजे अमरावतीवरून आले आहे. हिंगणघाटचा ‘बणी’ कापूस त्याच्या बारीक व तुलनेने लांब धाग्यासाठी प्रसिद्ध होता.

जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली. गिरणीसाठी त्यांनी मुंबईऐवजी नागपूर निवडले, कारण कापूस येथेच पिकत होता आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. जुम्मा तलावाजवळील दलदलीच्या जागेत भराव घालून उभारलेली ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीला ‘एम्प्रेस’ हे नाव मिळाले. प्रारंभी तेथे सुमारे ३०,००० चात्या व ४५० माग होते. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता आणि तंत्रज्ञ जेम्स ब्रुक्सबी यांच्या काळात येथे रिंग चात्यांचा प्रयोग झाला. लँकेशायरमधील बहुतेक गिरण्या त्या वेळी जुन्या म्यूल यंत्रांना चिकटून होत्या. पुढे जपानी गिरण्यांनीही १८८९ च्या सुमारास रिंग चात्यांचीच निवड केली, कारण त्या चालवण्यास कमी कौशल्य लागते आणि तरुण, नवख्या कामगारांकडून त्यांवर काम करवून घेता येते.

मुंबई–कोबे जलमार्ग

१८८० च्या दशकात मुंबईच्या गिरण्या चीन व जपानला मोठ्या प्रमाणावर सूत विकत होत्या. त्या काळात जपानी बाजारात जाड्या सुताच्या विक्रीत भारतीय सुताने ब्रिटिश सुतालाही मागे टाकले होते. जपानी गिरणीमालकांना मात्र सुताऐवजी कच्चा कापूस हवा होता. स्थानिक जपानी कापूस महाग होता व चिनी कापसाचा पुरवठा अनिश्चित होता. १८८९ मध्ये जपानी शिष्टमंडळाने भारतात येऊन कापूस व गिरण्यांची पाहणी केली आणि त्यानंतर भारतीय कापसाची आयात वाढू लागली.

मुख्य अडथळा वाहतुकीचा होता. मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांवर पेनिन्सुलर अँड ओरिएंटल (पी. अँड ओ.) व दोन युरोपीय कंपन्यांचे एकत्रित वर्चस्व होते आणि त्यांचे दर चढे होते. जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला गेले आणि त्यांनी शिबुसावा व निप्पॉन युसेन काइशा या जहाज कंपनीशी बोलणी केली. (याच प्रवासात योकोहामाहून व्हँकुव्हरला जाताना त्यांची आणि स्वामी विवेकानंदांची जहाजावर भेट झाली.) ७ नोव्हेंबर १८९३ रोजी ‘हिरोशिमा मारू’ हे जहाज कोबेहून मुंबईकडे निघाले. जपानी कंपनीने चालवलेला हा पहिला दूरच्या पल्ल्याचा नियमित जलमार्ग होता. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपले दर इतके खाली आणले की मूळ दराचा अल्पसा भागच उरला. टाटांचा स्वतःचा जहाजधंदा या दरयुद्धात टिकला नाही. जपानी कंपनी मात्र टिकली, कारण तिच्यामागे जपानी गिरणीमालकांचा संघ उभा होता. या संघाचे सभासद आपला कापूस ठरवून याच जहाजांनी आणत. त्या मानाने भारतीय बाजूला टाटांना असा एकजुटीचा पाठिंबा मिळाला नाही.

१८९३ हे वर्ष भारतीय सुतासाठी आणखी एका कारणाने प्रतिकूल ठरले. जूनमध्ये भारत सरकारने टांकसाळीत चांदीचे मुक्त नाणेपाडणे बंद केले. त्यामुळे चांदीवर आधारलेल्या चिनी व जपानी चलनांच्या तुलनेत रुपया महाग झाला आणि पूर्वेकडील बाजारात भारतीय सूतही महागले. जपानने १८९४ मध्ये सुतावरील निर्यात कर व १८९६ मध्ये कच्च्या कापसावरील आयात कर रद्द केला. १८९७ मध्ये जपानची सुताची निर्यात आयातीपेक्षा अधिक झाली. म्हणजेच पंधरा वर्षांच्या आत भारताचा एक ग्राहक देश सुताच्या बाबतीत त्याचा प्रतिस्पर्धी बनला. या प्रतिस्पर्ध्याचा कच्चा माल मात्र भारतातूनच जात होता.

१८९४–९५ च्या युद्धात जपानने चीनचा पराभव केला आणि तैवान व मोठी युद्धखंडणी मिळवली. या खंडणीच्या आधारे जपानने १८९७ मध्ये सुवर्णमानक स्वीकारले आणि यावाता येथील पोलाद कारखान्यालाही त्यातून पैसा मिळाला. युद्धातून उद्योगाला भांडवल मिळू शकते, हा धडा जपानी राज्यकर्त्यांनी येथे घेतला. त्याच वेळी रशिया, जर्मनी व फ्रान्स यांनी दडपण आणून जपानला लिआओतुंग द्वीपकल्प परत करण्यास भाग पाडले. हा अपमान जपानी जनमताच्या मनात दीर्घकाळ राहिला.

मिश्रणाचे तंत्र आणि कापसाची जात

विदर्भाच्या शेतीवर जपानचा सर्वांत खोल परिणाम कापसाच्या जातीच्या निवडीतून झाला. लँकेशायरच्या यंत्रांना लांब धाग्याचा अमेरिकन कापूस हवा असे. जपानी गिरण्यांनी वेगळा मार्ग काढला. स्वस्त, आखूड धाग्याचा भारतीय कापूस अमेरिकन कापसात ठराविक प्रमाणात मिसळून त्यापासून चालण्याजोगे मध्यम सूत काढण्याचे तंत्र त्यांनी विकसित केले. जपानी भाषेत या मिश्रणाला ‘कोन्मेन’ म्हणत. कोणत्या बाजारचा कापूस कोणत्या हंगामात किती मिसळायचा, हे गिरणीचे जपून ठेवलेले ज्ञान असे. कच्च्या मालाचा खर्च हा सुताच्या एकूण खर्चाचा सर्वांत मोठा भाग असल्यामुळे या तंत्राने मिळणारी बचत मजुरीतील बचतीइतकीच महत्त्वाची होती.

याचा अर्थ असा की वऱ्हाडातील शेतकऱ्याला लांब धाग्यासाठी मिळणारा जादा भाव तुटपुंजा राहिला आणि आखूड धाग्याला हमखास गिऱ्हाईक मिळाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पांढऱ्या फुलांच्या ‘रोझियम’ या जाडसर जातीचा प्रसार झपाट्याने झाला. तिचा धागा आखूड असला तरी सरकीच्या मानाने रुईचा उतारा जास्त मिळत असे, शिवाय पीकही भरवशाचे असे. हिंगणघाटचा बणी कापूस जवळजवळ नाहीसा झाला. कृषी खात्याने या बदलाकडे ‘ऱ्हास’ म्हणून पाहिले आणि पुढे ‘व्हेरम’सारख्या सुधारित जातींचा प्रचार केला. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हा हिशेबी निर्णय होता. जोवर कोबेकडे जाणारी जहाजे भरत होती, तोवर तो चुकीचाही नव्हता.

मित्सुई बुस्सान (१९२० नंतर तिचा कापूस विभाग ‘तोयो मेन्का’ या स्वतंत्र कंपनीत गेला), निहोन मेन्का आणि गोशो या तीन कंपन्यांनी जपानच्या कापूस आयातीचा मोठा भाग हाताळला. प्रारंभी त्या मुंबईच्या बाजारात खरेदी करत. पुढे त्यांनी देशाच्या अंतर्भागातील बाजारपेठांत आपले प्रतिनिधी ठेवून थेट खरेदी सुरू केली. जिनिंग-प्रेसिंगची व्यवस्थाही त्यांनी आपल्या हाती घेतली. दलालांची साखळी त्यामुळे आखूड झाली. पहिल्या महायुद्धानंतर भारतातून निर्यात होणाऱ्या कापसापैकी सुमारे निम्मा कापूस एकटा जपान घेत होता.

रुसो-जपानी युद्धाचे पडसाद

१९०२ मध्ये ब्रिटनशी मैत्रीचा करार केल्यावर जपानने १९०४–०५ च्या युद्धात रशियाचा पराभव केला. २७–२८ मे १९०५ रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियन आरमार नष्ट झाले. एका आशियाई राष्ट्राने युरोपीय महासत्तेला हरवल्याच्या या घटनेचा भारतात मोठा परिणाम झाला. त्याच वर्षी वंगभंगाविरुद्धची चळवळ सुरू झाली आणि लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षणाच्या प्रचारात जपानचे उदाहरण वारंवार पुढे केले.

या काळात अनेक तरुण तंत्रशिक्षणासाठी किंवा क्रांतिकार्यासाठी जपानला गेले. वर्धा येथे जन्मलेले व नागपुरात शिकलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्यांपैकी एक होत. जपानमार्गे ते अमेरिकेला गेले, गदर चळवळीत सहभागी झाले आणि नंतर मेक्सिकोमध्ये कृषिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी नाव मिळवले. १९६७ मध्ये नागपूर येथे त्यांचे निधन झाले. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या तळेगाव येथील पैसा फंड काच कारखान्याचे तंत्रज्ञ ईश्वरदास वार्ष्णेय यांनीही जपानमध्ये शिक्षण घेतले होते.

जपानच्या विजयाची दुसरी बाजू त्या वेळी भारतात फारशी चर्चिली गेली नाही. युद्धाचा खर्च मुख्यतः लंडन व न्यूयॉर्क येथील कर्जांतून भागवला गेला होता. विजयानंतर कोरिया जपानच्या संरक्षणाखाली गेला आणि १९१० मध्ये तो जपानच्या साम्राज्यात विलीन करण्यात आला. पारतंत्र्यातील भारतीय ज्याच्याकडे मुक्तिदाता म्हणून पाहत होते, तो देश त्याच काळात शेजारच्या एका राष्ट्राचे स्वातंत्र्य संपवत होता. १९१५ मध्ये जपानने चीनपुढे एकवीस मागण्या ठेवल्या, तेव्हा हे चित्र अधिक स्पष्ट झाले.

मांचुरियापासून सिमल्यापर्यंत

जागतिक मंदीत कापसाचे भाव १९२८–२९ च्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. वऱ्हाड व मध्य प्रांतात रोखीत भरावयाचा सारा आणि सावकाराचे व्याज मात्र कायम होते. कर्जबाजारीपणा इतका वाढला की मध्य प्रांत सरकारला १९३३ मध्ये कर्ज समझोता कायदा करावा लागला.

जपानमध्ये मंदीचा फटका रेशीम उत्पादक शेतकऱ्यांना विशेष बसला. ग्रामीण दैन्याचे खापर राजकीय पक्ष व भांडवलदार यांच्यावर फोडणाऱ्या लष्करी गटांना त्यातून बळ मिळाले. १८ सप्टेंबर १९३१ रोजी मांचुरियातील जपानी सैन्याने मुकडेनजवळ रेल्वेमार्गावर स्वतःच स्फोट घडवून तो चिन्यांच्या माथी मारला आणि टोकियोतील मंत्रिमंडळाची संमती न घेता सर्व मांचुरिया व्यापला. १९३२ मध्ये तेथे ‘मांचुकुओ’ हे बाहुले राज्य उभारण्यात आले. त्याच वर्षी १५ मे रोजी पंतप्रधान इनुकाई त्सुयोशी यांची तरुण नौदल अधिकाऱ्यांनी हत्या केली. राष्ट्रसंघाने मांचुरियावरील कृतीचा निषेध केल्यावर मार्च १९३३ मध्ये जपान राष्ट्रसंघातून बाहेर पडला.

या घटनांचा विदर्भाशी संबंध दोन वाटांनी आला. पहिली वाट चिनी बहिष्काराची होती. मांचुरियावरील आक्रमणानंतर चिनी जनतेने जपानी मालावर बहिष्कार घातला आणि जपानी कापडाला इतर बाजार शोधावे लागले. दुसरी वाट चलनाची होती. डिसेंबर १९३१ मध्ये अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांनी सुवर्णमानक सोडले आणि वर्षभरात डॉलरच्या तुलनेत येनची किंमत सुमारे ६० टक्क्यांनी घसरली. जपानी कापड भारतीय बाजारात अत्यंत स्वस्त झाले. १९३३ पर्यंत कापडाच्या निर्यातीत जपानने ब्रिटनलाही मागे टाकले.

मुंबई, अहमदाबाद व नागपूर येथील गिरण्यांना ही स्पर्धा असह्य झाली. ब्रिटिशेतर कापडावरील आयात कर १९३० मध्ये २० टक्के होता. तो १९३१ मध्ये ३१.२५ टक्के, ऑगस्ट १९३२ मध्ये ५० टक्के आणि जून १९३३ मध्ये ७५ टक्के करण्यात आला. एप्रिल १९३३ मध्ये भारत सरकारने १९०४ चा भारत-जपान व्यापार करार रद्द करण्याची सूचना दिली होती. करवाढीमागे केवळ भारतीय गिरण्यांचे हित नव्हते. ब्रिटिश कापडाला कमी कर ठेवल्यामुळे लँकेशायरलाही तिचा लाभ होत होता आणि राष्ट्रवादी वर्तुळात या सवलतीवर कडाडून टीका झाली.

जपानी गिरणीमालक संघाने जून १९३३ मध्ये भारतीय कापसाची खरेदी थांबवण्याचा निर्णय घेतला. विदर्भात कापसाची पेरणी मृगाच्या पावसाबरोबर जूनमध्ये होते. निर्णय झाला तेव्हा शेतकऱ्याचे बी जमिनीत पडत होते. पीक बदलण्याची वेळ निघून गेली होती आणि वेचणीच्या हंगामात त्या कापसाला गिऱ्हाईक असेल की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हते. भारतीय गिरण्यांकडे एवढा आखूड धाग्याचा कापूस खपण्यासारखा नव्हता आणि लँकेशायरची यंत्रे त्यासाठी बनलेली नव्हती. जपानचा बहिष्कार परिणामकारक ठरला तो या कारणाने.

सप्टेंबर १९३३ मध्ये सिमला येथे वाटाघाटी सुरू झाल्या. भारताच्या बाजूचे नेतृत्व व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे वाणिज्य सदस्य सर जोसेफ भोर यांच्याकडे होते. नाशिक येथे जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या भोर यांचे नाव पुढे सार्वजनिक आरोग्यविषयक ‘भोर समिती’मुळे (१९४३–४६) अधिक परिचित झाले. जपानी शिष्टमंडळाचे प्रमुख सावादा सेत्सुझो होते. दोन्ही देशांचे गिरणी प्रतिनिधीही उपस्थित होते. बोलणी पुढे दिल्लीत चालू राहून जानेवारी १९३४ च्या प्रारंभी समझोता झाला आणि जुलै १९३४ मध्ये लंडन येथे करारावर औपचारिक सह्या झाल्या.

कराराचे स्वरूप असामान्य होते. कापडावरील कर ५० टक्क्यांवर आणण्यात आला आणि जपानला भारतात वर्षाला ३२.५ कोटी वार कापड पाठवण्याची मुभा मिळाली. त्यासाठी त्याने भारताकडून १० लाख गाठी कापूस घेणे आवश्यक होते. कापूस खरेदी १५ लाख गाठींपर्यंत वाढवल्यास कापडाची मर्यादा ४० कोटी वारांपर्यंत वाढत असे. शेतकऱ्याच्या बाजारासाठी गिरणीमालकाच्या बाजाराचा काही भाग देऊ करणारी ही थेट अदलाबदल होती. मुंबईतील अनेक गिरणीमालकांना ती मान्य नव्हती. कापूस उत्पादक प्रांतांतून मात्र समझोत्यासाठी दबाव होता. समझोता जाहीर झाला तेव्हा विदर्भातील वेचणी निम्म्याहून अधिक उरकली होती. गरजेपोटी आधीच कापूस विकून बसलेल्या लहान शेतकऱ्याला त्याचा त्या हंगामात फारसा लाभ होणे शक्य नव्हते.

चीनवरील आक्रमण आणि नागपूरची भूमिका

ताकाहाशी कोरेकियो यांनी मंदी ओसरल्यावर लष्करी खर्चाला कात्री लावण्याचा प्रयत्न केला. २६ फेब्रुवारी १९३६ च्या लष्करी बंडात त्यांची हत्या झाली. त्यानंतर लष्कराच्या अर्थसंकल्पाला विरोध करण्याचे धैर्य फार थोड्या नेत्यांत उरले. ७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळील मार्को पोलो पुलापाशी झालेल्या चकमकीतून चीनशी संपूर्ण युद्ध पेटले. डिसेंबरमध्ये नानकिंग जपानी सैन्याच्या हाती पडले व तेथे नागरिकांची मोठी कत्तल झाली.

युद्धामुळे जपानला परकीय चलन शस्त्रास्त्रे, तेल व पोलाद यांसाठी राखून ठेवावे लागले. कच्चा कापूस ही आतापर्यंत जपानच्या आयातीतील सर्वांत मोठी बाब होती, म्हणून पहिली कपात तिथेच झाली. १९३८ मध्ये देशांतर्गत वापरासाठी सुती कापड बनवण्यावर निर्बंध आले आणि कापसाची आयात कापडाच्या निर्यातीशी बांधण्यात आली. उत्तर चीनमधील कापूस आपल्या चलनक्षेत्रात मिळवण्याचा जपानचा प्रयत्नही याच काळातील आहे. ज्या सुती उद्योगाने जपानला औद्योगिक राष्ट्र बनवले होते, त्यालाच युद्धाच्या अर्थव्यवस्थेत दुय्यम स्थान मिळाले. विदर्भाच्या कापसाची मागणी पॅसिफिक युद्धाच्या कितीतरी आधी घसरू लागली ती यामुळे.

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा येथील काँग्रेस अधिवेशनाने जपानी आक्रमणाचा निषेध केला व जपानी माल न घेण्याचे आवाहन केले. या भूमिकेची किंमत अंशतः कापूस उत्पादक शेतकऱ्याला मोजावी लागणार होती, कारण कापडाची विक्री व कापसाची खरेदी कराराने एकमेकांशी बांधलेली होती.

चिनी सेनानी चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली होती. काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधीसाठी आवाहन केले आणि पाच डॉक्टरांचे पथक १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघाले. पथकाचे प्रमुख डॉ. मदन अटल होते. नागपूरचे डॉ. एम. आर. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी हे इतर सदस्य होते. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. चोळकर व मुखर्जी इतरांच्या आधी भारतात परतले. कोटणीस तेथेच राहिले, आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे कोटणीसांचे नाव घरोघरी पोहोचले. वयाने व अनुभवाने ज्येष्ठ असलेल्या चोळकरांचे कार्य त्या मानाने नागपूरबाहेर अल्पपरिचित राहिले आहे.

वर्धा व सेवाग्राम

जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी यांनी १९३३ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींची भेट घेतली. त्यांच्या अनुयायांमुळे ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत समाविष्ट झाला. डिसेंबर १९३८ मध्ये जपानी संसद सदस्य ताकाओका यांनी सेगाव (पुढील सेवाग्राम) येथे गांधींशी चर्चा केली. ‘आशिया आशियाईंसाठी’ या घोषणेचा अर्थ युरोपविरोधी गट असा असेल तर तो आपल्याला मान्य नाही, असे गांधींनी त्यांना सांगितले.

जपान युद्धात उतरताच सेवाग्राममध्ये राहणाऱ्या जपानी भिक्षूला पोलिसांनी ताब्यात घेतले. १८ जुलै १९४२ रोजी गांधींनी सेवाग्रामहून प्रत्येक जपानी व्यक्तीला उद्देशून एक खुले पत्र लिहिले आणि ते ‘हरिजन’मध्ये प्रसिद्ध झाले. रशियावरील विजयाची वार्ता दक्षिण आफ्रिकेत ऐकून आपल्याला आनंद झाला होता, याची त्यांनी त्यात आठवण दिली. चीनवरील आक्रमणाचा निषेध करून, भारतात जपानचे स्वागत होईल या भ्रमात राहू नये, असा इशाराही त्यांनी दिला. १९०५ मध्ये जपानचे कौतुक करणाऱ्या भारतीय पिढीचा त्या देशाविषयीचा बदललेला दृष्टिकोन या पत्रात दिसतो.

१९४१ नंतर

सप्टेंबर १९४० मध्ये जपानने जर्मनी व इटलीशी करार केला. जुलै १९४१ मध्ये जपानी सैन्य दक्षिण इंडोचीनमध्ये शिरल्यावर अमेरिका, ब्रिटन व नेदरलँड्स यांनी जपानची मालमत्ता गोठवली आणि तेलपुरवठा बंद झाला. भारतातही जपानी कंपन्यांचे व्यवहार थांबले आणि मुंबई–कोबे कापूस व्यापार संपला. ७ डिसेंबर १९४१ (जपानी वेळेनुसार ८ डिसेंबर) रोजी जपानने पर्ल हार्बर येथील अमेरिकन नौदल तळावर हल्ला केला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर व मार्चमध्ये रंगून पडले आणि एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर बाँबहल्ला झाला. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे जपानी सैन्याला अडवणाऱ्या तुकड्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती.

गिरण्या व शेतकरी यांच्यावर युद्धाचा परिणाम परस्परविरुद्ध झाला. जपानी कापडाची स्पर्धा नाहीशी झाली, लष्करी मागणी वाढली आणि भारतीय गिरण्यांच्या नफ्यात मोठी वाढ झाली. आखूड धाग्याच्या कापसाला मात्र बाजारच उरला नाही. भारत सरकारने आयात कापसावर जादा कर लावून १९४२ मध्ये अशा कापसाच्या उत्पादकांच्या साहाय्यासाठी निधी उभारला. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत या उत्पादकांना ज्वारी व इतर धान्यांकडे वळण्याचे आवाहन करण्यात आले. मध्य प्रांत व वऱ्हाडातील कापसाखालील क्षेत्र युद्धकाळात लक्षणीय घटले आणि जपानी गिरण्यांच्या मागणीवर वाढलेल्या आखूड धाग्याच्या कापसाची जागा पुढील दशकांत मध्यम व लांब धाग्याच्या जातींनी घेतली.